डोळे मिटून दिलेलं पाकीट

माझं अक्षर वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि ते शिकायचं राहून गेलं. ओळ कधी वर चढते, कधी खाली घसरते. ही वही कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण माझ्यामागं ती कुणाच्या तरी हाती लागेल, आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एखाद्या बहिणीच्या मनात पुस्तक काढायचं असेल, तर तिनं एवढं वाचावं. चुका दुरुस्त करत बसू नये. आणि मी सांगते म्हणून माझ्यावरही लगेच विश्वास ठेवू नये. आणखी चार जणांना विचारावं.

मी पहिल्यापासूनच संशयी आहे. दूधवाल्याचं माप, भाजीवालीचा तराजू, रिक्षावाल्यानं घेतलेलं वळण, सगळ्यावर माझी नजर असते. पण तोंड उघडत नाही. उपासनेत बायका देवानं आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायला धडाधड उभ्या राहतात. मी मागच्या बाकावर, खांबाच्या आड बसते. पाळकसाहेबांची नजर तिकडं वळली की मी चपलेचा पट्टा बघते.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, बायबल बाई होत्या. मिशनच्या पगारावर गंगापूरकडच्या खेड्यांतून पायी फिरायच्या. काखेत पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका आणि खोकल्याच्या औषधाची बाटली. पुस्तिका कुणी घ्यायचं नाही, औषध सगळे घ्यायचे. म्हातारपणी हर्सूलकडं आमच्या घरी आल्या, तेव्हा मी भाकरी थापायची आणि त्या चुलीशेजारी बसून सांगायच्या. एका गावात त्यांच्यावर कुत्रं सोडलं, तर त्या कुत्र्याला भाकरी घालून त्याच गावात मुक्कामाला राहिल्या. एका पाटलिणीनं वर्षभर ताक ओसरीवरच दिलं, आणि सुनेचं बाळंतपण अडलं त्या दिवशी हाताला धरून माजघरात नेलं. "लई भांडले मी लोकांशी," त्या म्हणायच्या, "पण जेवल्याबिगर कुणी जाऊ दिलं नाय."

त्या गेल्या. पुढं माझे मालकही गेले. घर रिकामं झालं तेव्हा मी ते सगळं लिहायला लागले. वह्या भरत गेल्या. हे फक्त माझ्या नणंदेला ठाऊक होतं. मी त्यांना वन्सं म्हणते. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त आहेत, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. दर रविवारी उपासनेनंतर माझ्याकडं जेवायच्या आणि जेवून झालं की म्हणायच्या, "वहिनी, वाच गं माझ्या आईचं पुढचं." मी वाचायची. त्या भिंतीकडं तोंड करून ऐकायच्या.

मग आमच्या मंडळीत एक बंधू शिबिर घ्यायला आले. ख्रिस्ती लेखकांसाठी शिबिर, पुस्तक कसं लिहावं आणि कसं छापावं. वन्संनी मला ओढतच नेलं.

बंधू दिसायला नीटनेटके होते. पांढरा सदरा, चकचकीत बूट. पहिल्या चहाच्या आतच त्यांनी सगळ्यांची नावं पाठ केली, आणि मला पहिल्याच वाक्यात "आई" म्हणाले. मला तिथंच शंका आली. माझा स्वतःचा मुलगा पुण्याहून फोन करतो तेव्हा आई म्हणायच्या आधी खर्चाचं बोलतो.

पण खोटं कशाला लिहू, त्यांनी सांगितलेलं सगळं खरं होतं. पुस्तक लिहायच्या आधी ठरवा, ते कोण वाचणार. "सगळे विश्वासणारे" असं म्हणू नका; एक बाई डोळ्यांसमोर आणा, तिच्या हातात काय काम आहे ते बघा आणि तिला सांगितल्यासारखं लिहा. दर ओळीला वचन घालू नका, वाचणाऱ्याला वाटतं की तुमच्याजवळ स्वतःचं काही नाही. घालाल ते वचन पाठ आहे म्हणून लिहू नका, बायबल उघडून ताडून बघा. देवानं जेवढं केलं तेवढंच लिहा. ताप उतरला असेल तर कॅन्सर बरा झाला असं लिहू नका. जिवंत माणसाचं पाप, आजार, भांडण लिहायचं असेल तर आधी त्याला विचारा. लिहिलेलं मोठ्यानं वाचा. पाळकसाहेबांची प्रस्तावना हवी असेल तर पुस्तक पुरं झाल्यावरच मागा. आणि मूळ वही कुणाच्या हातात देऊ नका, आधी झेरॉक्स काढा.

हे शेवटचं मला फार पटलं. दुसऱ्याच दिवशी औरंगपुऱ्यात जाऊन मी सगळ्या वह्यांची झेरॉक्स काढली. दुकानदार पानं गाळेल म्हणून मशिनीजवळच उभी राहिले. तो म्हणाला, "मावशी, तुमच्या वहीत काय खजिन्याचा नकाशाय का?" मी पानं पुन्हा मोजली.

शिबिर संपल्यावर बंधूंनी माझ्या वह्या चाळल्या. मध्येच थांबून दोन पानं वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले. त्याचाही मला संशय आला. आपलं लिहिलेलं वाचून दुसरा रडतो हे तेव्हा मला माहीत नव्हतं. "आई, हे छापलंच पाहिजे," ते म्हणाले. "आमची सेवा छापून देते. फक्त कागदाचा आणि छपाईचा खर्च." तीस हजार. वह्या त्यांनी टायपिंगसाठी मागून घेतल्या; झेरॉक्स घरी होती म्हणून मी दिल्या.

वन्संनी एका शब्दानं विचारलं नाही. बँकेतून काढून पैसे माझ्या हातात दिले. "माझ्या आईचं पुस्तक आहे. तू देऊन टाक, मला लेकीकडं सोयगावला जायचंय."

पैसे द्यायला मी पाळकगृहात, पाळकसाहेबांच्या घरी गेले. बंधू तिथंच उतरले होते. मी घरून ठरवून निघाले होते की पावती मागायची. रस्ताभर घोकलं, "बंधू, पावती द्या." पदराखालून नोटा काढल्या, तेवढ्यात पाळकीणबाई लगबगीनं आत गेल्या आणि पांढरं पाकीट घेऊन आल्या.

"मावशी, असे उघडे पैसे देऊ नयेत. बरं दिसत नाही."

आमच्यात तशी रीतच आहे. बाहेरून कुणी संदेश द्यायला आलं की त्याला प्रीतिदान द्यायचं. ते पांढऱ्या पाकिटात घालायचं, शेवटची प्रार्थना चालू असताना हळूच हातात सरकवायचं, किती दिलं ते बोलायचं नाही आणि घेणाऱ्यानं उघडून बघायचं नाही. मी ही रीत जन्मापासून बघत आले. त्यामुळं हातात पाकीट आलं आणि माझी पावती घशातच राहिली.

"प्रार्थना करू या," बंधू म्हणाले. सगळ्यांनी डोळे मिटले. आत्याबाईंसाठी, खेड्यांसाठी, कागदाच्या भावासाठीसुद्धा प्रार्थना झाली. मधेच त्यांचा हात पुढं आलेला मला जाणवला. मी पाकीट त्यात ठेवलं. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा पाकीट कुठंच नव्हतं आणि बंधू हात जोडून हसत होते.

पुढं काय झालं ते हे वाचणाऱ्या बहिणीच्या ध्यानात आलं असेलच. आधी फोनवर "आई, टायपिंग चालू आहे." मग "प्रूफ येतंय." मग "कागद महागलाय." मग फोन नुसता वाजत राहायचा. उन्हाळा गेला, पावसाळा सुरू झाला.

वन्संनी आधी सहज विचारलं, मग जरा थांबून विचारलं. एका रविवारी जेवताना म्हणाल्या, "वहिनी, पावती आहे ना?"

"नाही."

"देताना कोण होतं?"

"पाळकसाहेब होते, पाळकीणबाई होत्या."

"मग त्यांनी बघितलं असंल."

"डोळे मिटलेले होते सगळ्यांचे."

त्यांनी घास ताटात ठेवला. "वहिनी," त्या म्हणाल्या, "पैसे दिलेस ना गं तू?"

आयुष्यभर मी जगावर संशय घेतला, माझ्यावर कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. मी उठून पाण्याचा तांब्या भरायला गेले. वन्संना ते कसं दिसलं असेल, हे आता कळतं. पुढच्या रविवारी त्या उपासनेत डावीकडच्या बाकावर बसल्या आणि जेवायला आल्या नाहीत. मी भात जास्तीचा लावला होता.

छपाईला खरं किती लागतं हे तरी कळावं म्हणून मी शहागंजच्या बाजूला एका छापखान्यात गेले. मालक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते, चष्मा दोरीनं बांधलेला. मी झेरॉक्सची थप्पी पुढं ठेवली. त्यांनी पानं मोजली, एक ओळ वाचली, कागदावर आकडे मांडले आणि विचारलं, "कितनी कॉपी?"

"पाचशे," मी म्हणाले. बंधूंनी तेवढंच सांगितलं होतं.

"आपा, लेगा कौन पाचशे? गिनके बताओ. जे वा-वा म्हणतात त्यांना नका धरू, जे पाकिटात हात घालतात तेवढेच."

मी मनात मोजलं. मंडळीतली माणसं, वन्संच्या नर्सा, गंगापूरची दोन घरं. शंभरावर जाईना.

"तो सौ छापो. संपल्या तर फिर छापेंगे. प्रूफ तुम्ही स्वतः वाचायचं, सही करायची, नंतर मशीन सुरू. अ‍ॅडव्हान्स आधा. हे घ्या पावतीबुक." पावतीबुक त्यांनी इतक्या झटकन पुढं केलं की मला त्याचाच संशय आला. पण शंभर प्रतींचा आकडा बघितला तर बंधूंनी सांगितलेल्यापेक्षा फार कमी होता. मग माझ्यानं राहवेना आणि पाकिटाची सगळी हकिगत मी त्यांना सांगून टाकली. परक्या माणसाला सांगणं सोपं जातं.

"सबके डोळे बंद?" त्यांनी विचारलं.

"हो."

"उसके भी?"

"ते मी कसं बघणार?"

ते इतके हसले की चष्मा छातीवर पडला. "मेरे धंदे में ऐसे गिऱ्हाईक क्यों नहीं आते, आपा?" मग त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी स्वतःचा फोन माझ्यापुढं सरकवला. "मेरे नंबर से लगाओ. अनजान नंबर उठाएगा."

खरंच उचलला. मी नाव सांगितलं आणि पुस्तकाच्या पैशांचं विचारलं. बंधू फार मऊ आवाजात म्हणाले, "आई, ते प्रीतिदान होतं ना? तुम्ही पाकिटात दिलंत, प्रार्थनेत दिलंत. मी ते सेवेला लावलं. पुस्तकाचा खर्च तुम्ही नंतर पाठवणार, असं मी समजलो."

ते खरंच तसं समजले होते की नाही, हे मला आजही माहीत नाही. माझं मन कधी इकडं कलतं, कधी तिकडं.

मी घरी न जाता थेट वन्संकडं गेले आणि झालेलं सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी त्यांना पटेल की पैसे बंधूंनाच मिळालेत. पटलं, पण झालं भलतंच.

"म्हणजे तू अर्पण करून बसलीस," त्या म्हणाल्या. "माझे पैसे, मला न विचारता. आता देवाला दिलेलं परत कसं मागायचं?"

पाळकसाहेबही तेच बोलले. "मावशी, पाकिटात दिलं म्हणजे दिलं. मंडळीत बोभाटा नको." पाळकीणबाई दारातून बघत होत्या. पाकीट कुणी आणून दिलं ते त्याही बोलल्या नाहीत, मीही बोलले नाही. यांना त्यातलं काही मिळालं असेल का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. लिहायला लाज वाटते, पण आला होता.

आता उभं राहून साक्षीत सांगावं, तर माझी छाती नाही. भांडावं, तर आवाज नाही. पण आमच्यात आणखी एक रीत आहे. दर बुधवारी कुणाच्या तरी घरी भगिनींची प्रार्थना असते. दारात एक डबा ठेवतात. ज्याला प्रार्थनेची विनंती असेल त्यानं चिठ्ठी टाकायची, नाव नाही लिहिलं तरी चालतं, आणि चालवणारीनं प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचायची. एकही गाळायची नाही.

त्या बुधवारी मी चिठ्ठी टाकली. "लेखकांचं शिबिर घेतलेल्या बंधूंसाठी प्रार्थना करा. त्यांच्याकडं एका बहिणीच्या पुस्तकाचे तीस हजार आहेत. ते प्रीतिदान नव्हतं, छपाईचे होते. बंधूंना त्याची आठवण राहो आणि ते परत देण्याची ताकद मिळो."

पाळकीणबाई वाचत होत्या. तीस हजारापाशी त्यांचा आवाज अडखळला, पण थांबता येईना. वाचून झाल्यावर त्यांनी चिठ्ठी जरा जास्तच वेळ हातात धरली. अक्षर कुणाचं हे ओळखायला काही कठीण नव्हतं. मी चपलेचा पट्टा बघत बसले.

मग बायकांनी प्रार्थना केली. आमच्या बायका प्रार्थनेत काही राखत नाहीत. एकीनं बंधूंच्या स्मरणशक्तीसाठी मागितलं, एकीनं त्यांच्या व्यवहारासाठी, आणि एका म्हातारीनं सरळच म्हटलं, "बापा, ते पैसे त्याला पचू देऊ नको."

उत्तर मिळेपर्यंत विनंती चालू ठेवायची असते. म्हणून पुढच्या बुधवारीही ती वाचली गेली, त्याच्या पुढच्याही. कुणीतरी ती मोबाइलवरच्या ग्रुपात टाकली. तिथून जालन्याला गेली, नगरला गेली, पुढं कुठं कुठं गेली. बंधू जिथं शिबिराला जायचे तिथं लोक त्यांचा हात हातात घेऊन म्हणायचे, "बंधू, तुमच्यासाठी आमची प्रार्थना चालू आहे."

एका सकाळी मी तांदूळ निवडत होते, तेव्हा त्यांचा फोन आला. त्यांनी स्वतःहून केलेला.

"बाई," ते म्हणाले. या वेळी आई नाही. "माझ्यासाठीची प्रार्थना थांबवा."

"प्रार्थना कशी थांबवायची, बंधू?"

"तुम्ही सांगितलं की थांबेल."

"मी कोण सांगणारी?" मी म्हणाले. ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "उत्तर मिळालं की आपोआप थांबते."

मी वन्संच्या खात्याचा नंबर कळवला, आणि आठवड्याच्या आत निम्मे पैसे त्यात जमा झाले. वन्सं स्वतः सांगायला आल्या, पण दारातच उभ्या राहिल्या. "निम्मेच आलेत," म्हणाल्या आणि गेल्या. मीही त्यांना आत बोलावलं नाही. निम्म्यावर माझाही भरवसा नव्हता.

बुधवारची विनंती आम्ही चालूच ठेवली, फक्त "पंधरा हजार" असं बदललं.

पहिल्या पिकाच्या सणाला पाळकसाहेबांनी बंधूंना बोलावून घेतलं. या सणाला लोक शेतातलं, परसातलं काहीतरी वेदीपुढं आणून ठेवतात आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. कुणी लिंबू पाचशेला घेतं, कोंबडी दोन हजाराला; पैसे मंडळीला जातात, म्हणून चढाओढ असते. बंधूंनी एका भोपळ्यावर बोली लावली. आठशे, हजार, बाराशे. मी खांबाआडून बघत होते. हा कुणाच्या पैशावर बोली लावतोय, हाच विचार डोक्यात होता. शेवटी भोपळा कुणा दुसऱ्यानं नेला तेव्हा मला बरं वाटलं.

लिलाव आटोपल्यावर आम्ही पाळकगृहात जमलो. बंधू, पाळकसाहेब, पाळकीणबाई, वन्सं आणि मी. बंधूंनी खिशातून पैसे काढले. पाळकीणबाई सवयीनं उठल्या आणि पांढरं पाकीट घेऊन आल्या. पैसे पाकिटात गेले. बंधू म्हणाले, "प्रार्थना करू या."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी घातली नाही. जन्मात पहिल्यांदा मी प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले. बंधूंचे मिटलेले होते, पाळकसाहेबांचेही. पाळकीणबाईंचे मात्र उघडे होते आणि त्यांची नजर पाकिटावर होती. आमची नजरानजर झाली. दोघींनीही मान हलवली नाही, पण पाकिटावरची नजरही काढली नाही. बंधूंचा हात पुढं आला. मी पाकीट घेतलं आणि आमेनच्या आतच म्हणाले, "आधी मोजू या."

प्रार्थना मधेच तुटली. बंधूंनी डोळे उघडले. मी पाकिटातल्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या. एक नोट जुनाट वाटली म्हणून खिडकीच्या उजेडात धरून बघितली. मग मी वहीतलं पान फाडून पुढं केलं, "छपाईसाठी दिलेले पैसे परत केले," असं बंधूंकडून लिहून घेतलं आणि खाली सही घेतली. त्यांचं अक्षर फार सुरेख होतं.

पाळकसाहेबांनी राहिलेली प्रार्थना पुरी केली. बंधू निघाले तेव्हा पायरीवर थांबून मला म्हणाले, "आई, पुस्तक मात्र काढा. त्या पाटलिणीचं पान मी विसरलो नाही." वह्याही त्यांनी परत दिल्या. घरी गेल्यावर मी त्या पानोपान झेरॉक्सशी ताडून बघितल्या. काही गेलेलं नव्हतं. दोन पानांवर पेन्सिलनं दुरुस्त्या होत्या, त्याही बरोबर होत्या.

पाळकगृहाच्या फाटकाबाहेर वन्सं थांबल्या होत्या. मी नोटा पुन्हा पाकिटात घातल्या होत्या, हातात उघड्या नेणं बरं दिसत नाही म्हणून. पाकीट पुढं केलं.

"पाकिटात नको गं, वहिनी," त्या म्हणाल्या. "बाहेर काढ. हातात दे."

मी नोटा काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, नर्स गोळ्या मोजते तशा बोटानं एकेक सरकवत मोजल्या. मला वाईट वाटलं नाही. मीही मोजल्याच असत्या.

"पुरे आहेत," त्या म्हणाल्या. पर्स बंद केली आणि माझ्या घराच्या दिशेनं चालायला लागल्या. "भात लावलायस का?"